काळ्या टोप्या

आमच्या मंडळातल्या बायका परोपकार करत होत्या आणि मी त्याला लेबलं लावत होते.

हे थट्टेने म्हणत नाही. माझं कामच ते होतं. मला विणता येत नाही. दोन सुया हातात दिल्या की माझे दोन्ही हात एकमेकांशी भांडायला लागतात, आणि टाके असे पडतात की बघणाऱ्याला माझी दया यावी. शिवता मात्र येतं. म्हणून बाकीच्या विणायच्या आणि मी त्या विणकामावर मंडळाच्या नावाची पट्टी शिवायची, अशी वाटणी झाली. पांढरी कडक पट्टी, तिच्यावर लाल अक्षरांत मंडळाचं नाव आणि खाली मायेबियेबद्दल एक ओळ. ही पट्टी आतून नाही, बाहेरून लावायची, टोपी असेल तर बरोबर कपाळावर, कारण फोटोत नाव वाचता आलं पाहिजे. पट्टीची टोकं माझ्याच बोटांना टोचायची. तान्ह्या कपाळाला काय वाटत असेल, हे मी एकदा विचारलं होतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो वहिनी, धुतल्यावर नरम पडते ने."

बडोद्यातल्या मराठी माणसांच्या दोन जाती आहेत, आणि त्या जन्मावर ठरत नाहीत, पणजोबांवर ठरतात. ज्यांचे पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते ते एका बाजूला, आणि ज्यांचे नवरे रेल्वेत नाहीतर रिफायनरीत लागले म्हणून इकडे आले ते दुसऱ्या बाजूला. मी रिफायनरीवाली. अध्यक्षबाई संस्थानवाल्या. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांचे पणजोबा खजिन्यात कारकून होते. पुढे ते हेड कारकून झाले. गेल्या दिवाळीला ते जिल्ह्याच्या सुभ्यांच्या शेजारी बसून सल्ला देत होते. मेल्यावर इतक्या बढत्या मिळालेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

गुरुवारी दुपारी त्यांच्या बंगल्यावर आम्ही जमायचो. चहा, लीलो चेवडो म्हणजे इथला ओला चिवडा, कुणाच्या सुनेचं कुठे काय अडलंय त्याची चर्चा, आणि फावल्या वेळात विणकाम. ही सगळी कल्पना अध्यक्षबाईंच्या मुलीची, कॅनडातली. तिकडे म्हणे बायका गरजूंसाठी लोकरीचं विणून देतात. तिकडे बर्फ पडतो, ही बारीक गोष्ट फोनवर राहून गेली असावी. आमच्याकडे थंडी येते ती उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, मागेपुढे, सकाळ-संध्याकाळ अंगावर काटा आणते आणि रथसप्तमीनंतर निघून जाते. तरी ज्याच्याकडे पांघरूण नाही त्याला तेवढीही पुरते, हे मला कबूल आहे. पण आमच्या मंडळाला ते उघडं अंग शोधायचं नव्हतं. आधी बॅनर छापून आला, मग लोकर आली, आणि द्यायचं कुणाला हा विषय चहा गार होईपर्यंत निघालाच नाही.

पहिल्या वर्षी क्रोशाच्या शाली झाल्या. एकीपेक्षा एक सुंदर. कमळं, मोर, बदामाचे आकार, आणि मधे मधे अशी मोठी भोकं की वारा आत येऊन विचारपूस करून बाहेर जाईल. जाळी का, तर भरीव विणायला कंटाळा येतो. त्या शाली आम्ही वाघोडियाच्या रस्त्याला झोपड्या आहेत तिथे वाटल्या. नंतर एका झोपडीच्या दारावर मी त्यातला मोर पडद्यासारखा लावलेला पाहिला आणि मला त्या घरच्या बाईच्या अकलेचं कौतुक वाटलं. मंडळात सांगितलं तेव्हा सगळ्या दुखावल्या. गरिबांना किंमत नसते, असं एकजण म्हणाली आणि बाकीच्यांनी सुस्कारे सोडले.

मग यंदा नवजात बाळांच्या टोप्यांचं ठरलं. कारण सरळ होतं. टोपी लहान असते, एका दुपारी होते, म्हणजे आकडा फुगतो. सरकारी दवाखान्यात कमी दिवसांची बाळं असतात, त्यांना द्यायच्या, रथसप्तमीला मोठं हळदीकुंकू करून, पाहुण्या बाईंच्या हस्ते. आणि संक्रांतीचा सण म्हणून सगळ्या टोप्या काळ्या विणायच्या, असा अध्यक्षबाईंनी हुकूम काढला. "बोरन्हाणाला बाळ काळ्यात किती गोड दिसतं," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. आमच्यात संक्रांतीला काळं चालतं, नव्हे लागतंच. काळं झबलं, त्यावर हलव्याचे पांढरे दागिने. माझ्या मुलाचा तसला फोटो अजून कपाटात आहे. तेव्हा या ठरावात काही चुकतंय असं माझ्याही डोक्यात आलं नाही.

माप कशाचं घ्यायचं? तान्हं बाळ कुणाच्याच घरात नव्हतं. सगळ्यांची नातवंडं परदेशी किंवा पुण्यात. मग देवघरातला नारळ आणला. शेंडीवाला नारळ मधे ठेवून एवढ्या शिकल्यासवरल्या बायका त्याच्यावर टोप्या घालून बघताहेत, असं ते दृश्य होतं. एकीने त्याला "शोनू" म्हटलं. मी लेबलाची सुई बोटात टोचून घेतली, हसू आवरायला.

आमच्या सोसायटीत, निजामपुऱ्यात, आमच्या बरोबर खाली एक गुजराती जोडपं भाड्याने राहतं. तो वाघोडियाच्या कारखान्यात पाळीवर जातो. ती विशीतली, लाजरी, मला मासी म्हणते. सासू गावाहून अधूनमधून येते, काटक, कमी बोलणारी, आणि नजर अशी की आपण भाजीत मीठ किती घातलं तेही तिला कळावं. गेल्या वेळी त्या मुलीचं पाचव्या महिन्यात गेलं होतं. यंदा आठवा लागला आणि संक्रांतीच्या आधीच, ऐन थंडीत, ती बाळंत झाली. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी.

बाळ आधी काचेच्या पेटीत होतं. मग डॉक्टरांनी आईच्या छातीशी बांधून ठेवायला सांगितलं, चोवीस तास, अंगाला अंग लावून. डोकं उघडं ठेवायचं नाही, ऊब डोक्यातून जाते, आणि गार पडलं की वजन उतरतं. वजन वाढल्याशिवाय घरी सोडणार नाहीत. सगळा जीव त्या वजनात अडकला होता. बाळाचा बाप खंडेराव मार्केटच्या आसपासची दुकानं पालथी घालून आला. मी भेटायला गेले तेव्हा त्याने आणलेली टोपी मुलीने मला दाखवली.

"मासी, दुकाननी टोपी मोटी पडे छे," ती म्हणाली. "आंखो ढंकाई जाय छे."

डोळेच काय, हनुवटीपर्यंत यायची. रुमाल बांधला तर सुटायचा. त्या दिवशी सकाळी बाळाचं वजन वाढायच्या ऐवजी थोडं उतरलं होतं. मुलगी हे सांगताना रडली नाही, फक्त पदराखालच्या त्या गाठोड्यावर तिचा हात होता तो तिने हलवला नाही. मला लगेच आठवलं, माझ्याच घरी पलंगाखाली पिशवीभर टोप्या पडल्यात, लेबलं लावायला आलेल्या.

घरी आले, पिशवी पलंगावर ओतली. नारळाच्या मापाच्या टोप्या त्या, बहुतेक सगळ्या मोठ्याच. पण एक बाई आमच्यात आहे, तिचा हात आवळ आहे, विणण्यातही आणि वाढण्यातही. तिची टोपी इतरांच्या निम्मी होते. ती शोधली, गोंडा कापला, तिला आधीच लावलेलं लेबल उसवलं, गरम पाण्यात धुतली, इस्त्रीखाली वाळवली आणि सकाळीच दवाखान्यात गेले. स्वतःवर खूश होते. मंडळाच्या हातून इतक्या वर्षांत पहिलं उपयोगी काम होत होतं आणि ते मी मंडळाला न विचारता करत होते, याचं सुख वेगळंच.

वॉर्डच्या दाराशी सासू आली. मी टोपी पुढे केली. तिने हातात घेतली नाही.

"काळुं?" ती म्हणाली. "पहेली वार माथे काळुं न मुकाय, बेन. ने पाछा कमुरता चाले छे."

कमुरता म्हणजे त्यांचे संक्रांतीआधीचे अशुभ दिवस. त्या दिवसांत लग्न नाही, वास्तू नाही, कुठल्याच शुभ कामाची सुरुवात नाही. आणि मी कमी दिवसांच्या, एक बाळ गमावलेल्या घरच्या लेकराच्या डोक्यावर पहिलंवहिलं काळं घालायला निघाले होते. मी तिला समजवायला लागले की आमच्यात काळं शुभ, बोरन्हाण असतं, हलव्याचे दागिने असतात. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तुमच्यात असेल. एवढंच. टोपी माझ्या हातातच राहिली.

तेव्हा मला तिचा भयंकर राग आला. लेकरू गार पडतंय आणि हिला रंग सुचतोय, असं मनात म्हणत मी रिक्षात बसले. पण घर येईपर्यंत राग वळला. या गावात मराठी माणसांच्या चार पिढ्या गेल्या. त्यांचं फाफडा-जलेबी आमच्या दसऱ्यात आलं, त्यांचं "ने" आमच्या जिभेवर "ना"च्या जागी आलं, आणि त्यांच्या तान्ह्या बाळाला काय घालतात हे आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यावं असं वाटलंही नव्हतं. ज्या वॉर्डात दहातल्या नऊ आया गुजराती, तिथे आम्ही वाजतगाजत काळ्या टोप्या घेऊन जाणार होतो.

मी अध्यक्षबाईंना फोन केला. एकच टोपी, लहान, काळी सोडून कुठल्याही रंगाची, आजच्या आज. त्यांना ती तासाभरात जमली असती. मी कितीही तोंड टाकलं तरी एक कबूल करते, बाईचा हात सुरेख आहे.

"अहो, पण एकीला आधी दिली तर बराबर नाही दिसणार ने," त्या म्हणाल्या. "रथसप्तमीला सगळ्यांनाच देणार आहोत."

"ताई, बाळाला आज हवीय."

"आणि रंगाचं म्हणाल तर आपण आपली संस्कृती का सोडायची? त्यांनाही कळू दे ने आपलं काही."

मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. हात जोडल्याची चित्रं आली, भरपूर. एकीने फुलांचा गुच्छ पाठवला. दुसरीने बाळासाठी एक स्तोत्र पाठवलं, ते सकाळी ऐकवायचं होतं. विणते असं कुणी म्हटलं नाही. सगळ्यांच्या हातात काळं काम होतं आणि रथसप्तमीच्या आत आकडा पुरा करायचा होता. त्या बायकांची मला इतकी किळस आधी कधी आली नव्हती. त्या वाईट असत्या तर परवडलं असतं. वाईट माणूस निदान ओळखू येतो. या सगळ्याजणी संध्याकाळी देवापुढे दिवा लावून त्या बाळासाठी मनापासून प्रार्थना करणार होत्या, आणि रात्री शांत झोपणार होत्या.

पिशवीच्या तळाशी एक स्वेटर होता. चार-पाच वर्षांच्या मुलाचा, हळदीच्या रंगाचा, मऊ, अध्यक्षबाईंनी स्वतः विणलेला. हा आमचा नमुना. कुठेही वाटप असलं की हा स्वेटर एखाद्या गोड मुलाला घालायचा, पाहुण्यांना मधे उभं करायचं, फोटो काढायचा, आणि मग मुलाच्या अंगातून तो उतरवून घ्यायचा, कारण तो नमुना आहे. मुलाला दुसरं काहीतरी मिळायचं. काही मुलं उतरवताना हात ताठ करायची. यंदा त्याचं लेबल सुटलं होतं म्हणून तो माझ्याकडे आला होता.

मी त्याची बाही हातात घेतली. मनगटापाशी दोन सुलट, दोन उलट अशी ताणली जाणारी पट्टी, वर मऊ नळी. मी मनगटात चार बोटं घालून ताणली. मग कात्री आणली.

लोकरीचं विणकाम कापलं की पळतं, हे मला इतक्या वर्षांत बघून बघून कळलं होतं. म्हणून कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना आधी बारीक टीप घातली, मग कापलं, मग कापलेलं तोंड आतून दोऱ्याने ओढून गोळा करून शिवलं. मनगटाची पट्टी झाली कपाळाची कड. दोन बाह्या, दोन टोप्या, एक धुवायला आणि एक घालायला. राहिलेल्या धडाच्या काखाही मी नीट दुमडून घेतल्या. विणता येत नसलं म्हणून काय झालं.

दुसऱ्या दिवशी सासूने टोपी उजेडात धरली, आतून बाहेरून बोट फिरवलं, स्वतःच्या गालाला लावली. "आ सारुं छे," म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने तिने मला काचेतून बोलावून दाखवलं. मोसंबीएवढं डोकं, त्यावर पिवळी टोपी, कानांवरून नीट बसलेली. मी तिथेच बाकावर बसून डोळे पुसले. मला रडू फार लवकर येतं, पण एरवी ते रागाचं असतं.

वजन थांबलं, मग वाढायला लागलं. सगळं टोपीने झालं असं मी म्हणत नाही. आईने अंगावरून उतरवलं नाही म्हणून झालं, औषधांनी झालं. उत्तरायणाचे पतंग होऊन गेले आणि रथसप्तमीच्या आधी ते लेकरू घरी आलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, अजून महिनाभर जपा, गार लागू देऊ नका.

आणि मग मंडळाला नमुन्याची गरज लागली. फोनवर मी दोनदा टाळलं. तिसऱ्या वेळी संध्याकाळी फाटकाशी गाडी थांबली आणि अध्यक्षबाई स्वतः जिना चढून आल्या. मी काही लपवलं नाही. धड काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी ते उलटंपालटं केलं. "बाह्या कुठे गेल्या?"

"खाली आहेत," मी म्हटलं. "एक वाळत घातलीय, एक डोक्यावर आहे."

मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या भडकतील आणि मग मलाही मनातलं सगळं एकदाचं बोलता येईल. त्या भडकल्या नाहीत. त्यांनी काखेच्या टिपेवर नख फिरवलं, टाके मोजल्यासारखे केले आणि म्हणाल्या, "पळालेलं नाही. जोडता येतील. तुम्ही त्या बाह्या आणा, परवा फोटो आहे. त्यांना आपण दुसऱ्या देऊ ने, इतक्या आहेत."

"काळ्या," मी म्हटलं.

"काळ्या तर काळ्या. आता कमुरता उतरले ने?"

मी आणत नाही म्हटलं. त्या उठल्या आणि स्वतः खाली गेल्या. मी मागोमाग. दार उघडंच होतं. मुलगी बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकून बसली होती, सासू भाकरी करत होती. अध्यक्षबाईंनी गोड आवाजात, त्यांच्या त्या हळदीकुंकवाच्या गुजरातीत, सांगायला सुरुवात केली की टोपी जरा चुकून आलीय, ती एका स्वेटरची आहे, आम्ही याहून छान देऊ. मी मधे बोलायला तोंड उघडलं.

पण मुलीला सगळं ऐकायची गरजच पडली नाही. मोठ्या घरची बाई दारात उभी आहे आणि आपल्याकडे तिचं काहीतरी आहे, एवढं तिला कळलं. तिने झटकन बाळाच्या डोक्यावरची टोपी काढली. खाली केस ओले, विरळ, टाळूवरची कातडी धडधडत होती. तिने टोपी दोन्ही हातांनी पुढे केली, आणि अध्यक्षबाईंचा हातही पुढे झाला.

मी ओरडणार होते. माझ्या आधी सासू उठली. पीठ लागलेला एक हात मागे ठेवून दुसरा तिने बाळाच्या डोक्यावर धरला आणि सुनेच्या हातातून टोपी घेऊन परत घातली, कानांवर ओढून, नीट. मग अध्यक्षबाईंकडे वळली.

"सवारे लई जजो, बेन," ती म्हणाली. "रातना बहु ठंडी पडे छे."

सकाळी घेऊन जा, म्हणत होती ती. रात्री फार थंडी पडते. मी तिच्या आवाजात टोमणा शोधला, राग शोधला. काही नव्हतं. ती विनवत होती. तिला खरंच वाटत होतं की टोपी आमची आहे.